पुढच्या फळीवर काय ठेवाल? सोलापूरच्या किराणा दुकानदारांना खुले पत्र

प्रति,
सोलापूर शहरातील सर्व किराणा दुकानदार बंधू-भगिनी

सप्रेम नमस्कार.

नवी पेठ, मंगळवार पेठ, अशोक चौकाकडचा पूर्व भाग, जुळे सोलापूर, होटगी रोड. शहराच्या कोणत्याही भागात गेले तरी घरात येणारा बराचसा किराणा तुमच्या हातून तोलला जातो. महिन्याची यादी धाडणारी गिऱ्हाइके तुमच्याकडे आहेत, तशाच यंत्रमागावरची पाळी संपवून किंवा कारखान्यात विड्या देऊन परतताना पावशेर डाळ आणि अर्धा किलो तांदूळ नेणाऱ्या बायाही आहेत. आहार कसा असावा हे डॉक्टर सांगतात, शाळांतून तक्ते लागतात. पण रात्री काय शिजेल आणि पोराच्या हातात कोणती पुडी जाईल, हे तुमच्या गल्ल्यासमोर ठरते. म्हणून हे पत्र कंपन्यांना किंवा सरकारला न लिहिता तुम्हाला लिहीत आहोत.

मागणे एकच आहे. दुकानाचा दर्शनी भाग, म्हणजे गल्ल्याच्या दोन्ही बाजू आणि लहान मुलाचा हात पोचेल एवढी उंची, हा खऱ्या जिन्नसांना द्या. तिथे आज लटकणाऱ्या पुड्यांच्या माळा मागच्या फळीवर न्या. माल विकू नका असे आम्ही म्हणत नाही. ज्याला हवा तो मागून घेईल. न मागता समोर येऊन हातात पडणारी वस्तू कोणती असावी, एवढाच प्रश्न आहे.

कोणता पुडा मागे न्यायचा हे ओळखण्यासाठी मोठ्या पुस्तकाची गरज नाही. ब्राझीलमधल्या साओ पावलो विद्यापीठातील कार्लोस मोंतेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ पासून ‘नोव्हा’ नावाची वर्गवारी मांडली. अन्नावर किती आणि कशासाठी प्रक्रिया झाली आहे, यावरून तिच्यात चार गट पडतात. धान्य, डाळी, भाजी, दूध पहिल्या गटात. तेल, मीठ, साखर, गूळ दुसऱ्यात. त्यांच्यापासून केलेले साधे पदार्थ तिसऱ्यात. आणि कारखान्यातच बनू शकतील असे, रंग, वास, चव आणि पोत बाहेरून दिलेले पदार्थ चौथ्यात. हा चौथा गट म्हणजे अतिप्रक्रियायुक्त अन्न. तुमच्यासाठी याची कसोटी फार सोपी आहे. पुड्याच्या मागची घटकांची यादी वाचा आणि स्वतःला विचारा, यातली प्रत्येक वस्तू माझ्या दुकानात वजनावर मिळते का? मैदा मिळतो, साखर मिळते, बेसन मिळते. माल्टोडेक्स्ट्रिन, इन्व्हर्ट सिरप, ‘नेचर आयडेंटिकल फ्लेवर’, इमल्सिफायर (तेल आणि पाणी एकजीव ठेवणारा पदार्थ) हे तुमच्या कोणत्याही पोत्यात नाही. जे पिढ्यान्‌पिढ्या किराणा भरणाऱ्याच्याही दुकानात सापडत नाही, ते कोणाच्या स्वयंपाकघरातही सापडणार नाही.

या कसोटीला थोडे अपवाद आहेत, ते सांगितलेच पाहिजेत. खाण्याचा सोडा आणि लिंबूसत्त्व यांनाही यादीत आयएनएस क्रमांक (अन्नात घालायच्या पदार्थांना दिलेले आंतरराष्ट्रीय आकडे) असतात, पण तेवढ्याने ते घाबरण्यासारखे होत नाहीत. आयोडीनयुक्त मिठात गुठळी होऊ नये म्हणून घातलेला पदार्थ असतो. ते मीठ पॅकबंदच विका, बिनआयोडीनचे खडेमीठ रोजच्या जेवणासाठी देऊ नका. मसाल्यांची पूड नियमानुसार पॅकबंदच विकायची असते, कारण सुट्या हळदीत आणि तिखटात भेसळ करणे सर्वांत सोपे. सुटे ते सगळे चांगले आणि पुड्यातले ते सगळे वाईट, असा आमचा दावा नाही. सुटे द्यायचे तर धणे, जिरे, मिरी, हळकुंड अख्खे द्या.

लेबल वाचायचे काम तुमच्यावर का टाकतो आहोत, तेही सांगतो. नियमाप्रमाणे लेबलवरची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असली की पुरते आणि बहुतेक पुड्यांवर ती बारीक इंग्रजीत असते. आपल्या शहरात मराठी, कन्नड, तेलुगू बोलणारी घरे शेजारी शेजारी राहतात. त्या अक्षरांपर्यंत त्यातल्या फारच थोड्या गिऱ्हाइकांची नजर पोचते. तुम्ही एकदा वाचून ठेवलेत तर शेकडो घरांसाठी वाचल्यासारखे आहे.

वाचताना पहिली गोष्ट म्हणजे क्रम. जो घटक वजनाने सर्वांत जास्त, तो पहिला. ‘मल्टिग्रेन’ लिहिलेल्या बिस्किटाच्या यादीत मैदा पहिला आणि ज्वारी, नाचणी शेवटी एक-दोन टक्क्यांवर असेल, तर ते मैद्याचेच बिस्कीट. ब्राऊन ब्रेडच्या यादीत कॅरॅमल रंग (आयएनएस १५०) दिसला तर तपकिरीपणा कोंड्यामुळेच आला असे समजू नका. साखरेबाबत आणखी सावध राहा. एकाच पुड्यात साखर, इन्व्हर्ट सिरप, लिक्विड ग्लुकोज, माल्टोडेक्स्ट्रिन अशी वेगवेगळी नोंद असते. प्रत्येकाचे वजन वेगळे धरल्याने कोणीच यादीत पहिले येत नाही. सगळ्यांची बेरीज केली की खरा आकडा कळतो. आयएनएसचे काही क्रमांक पाठ असू द्या: ६२१, ६२७, ६३१ आणि ६३५ हे चव वाढवणारे, ४७१ हा इमल्सिफायर, १०२ आणि ११० हे कृत्रिम पिवळा आणि केशरी रंग, ९५०, ९५१ आणि ९५५ हे साखरेऐवजीचे गोड पदार्थ. यातला एखादा असला म्हणजे विष झाले, असा अर्थ नाही. या सर्वांना ठरलेल्या मर्यादेत परवानगी आहे. पण यातले तीन-चार एकत्र दिसले की तो पुडा चौथ्या गटातला, हे निश्चित.

दुसरी गोष्ट सोडियमची. मिलिग्रॅममधल्या सोडियमला अडीचने गुणा, मीठ मिळते. समजा नूडल्सच्या पुड्यावर १०० ग्रॅमला १,२०० मिलिग्रॅम सोडियम लिहिले आहे आणि पुडा ७० ग्रॅमचा आहे. म्हणजे ८४० मिलिग्रॅम सोडियम, सुमारे २.१ ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटनेची मोठ्या माणसासाठीची दिवसाची मर्यादा ५ ग्रॅमच्या आत आहे. एका पुड्यात त्यातला चाळीस टक्क्यांहून जास्त हिस्सा संपला, आणि भाजी, आमटी, लोणचे अजून व्हायचेच आहे. रक्तदाबाच्या गोळ्या घेणारे गिऱ्हाईक तुम्हाला नावाने ठाऊक असते. त्याच्या घरी हा पुडा आठवड्यातून किती वेळा जातो, तेही तुमच्या वहीत असते.

हे सगळे आत्ताच का, असे कोणी विचारील. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी मे २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. देशातल्या एकूण आजारांच्या भारापैकी ५६.४ टक्के भार अयोग्य आहाराशी जोडलेला आहे, असे त्यात म्हटले आहे आणि अतिप्रक्रियायुक्त अन्न कमी करा असा स्पष्ट सल्ला आहे. त्याआधी २०१९ मध्ये अमेरिकेत एक काटेकोर चाचणी झाली. वीस माणसांना संस्थेतच ठेवून दोन आठवडे अतिप्रक्रियायुक्त आणि दोन आठवडे साधे जेवण दिले. समोर ठेवलेल्या दोन्ही जेवणांत उष्मांक, साखर, मीठ, तंतू सारखेच होते आणि हवे तेवढे खायची मुभा होती. कारखानी जेवणावर माणसांनी रोज सुमारे ५०० किलोकॅलरी जास्त खाल्ल्या आणि दोन आठवड्यांत वजन सरासरी ०.९ किलोने वाढले. असे अन्न मऊ असते, भराभर गिळले जाते आणि पोट भरल्याचा निरोप पोचायच्या आत पुडा संपतो.

आता मागे काय न्यायचे त्याचा क्रम. सगळ्यांवर एकदम तुटून पडलात तर धंदाही बसेल आणि गिऱ्हाईकही बिथरेल. आमच्या मते पहिला नंबर शीतपेयांचा. साध्या कोला पेयात १०० मिलीलिटरला १० ते ११ ग्रॅम साखर असते. २५० मिलीच्या बाटलीत पाच-सहा चमचे होतात, आणि पाण्यात विरघळलेली साखर पोटाला भरल्यासारखी वाटतच नाही. ‘फ्रूट ड्रिंक’ म्हणजे फळांचा रस नव्हे. त्यात रस किमान दहा टक्के असला की नियम पाळला जातो. दुसरा नंबर पोंगे आणि चटपटीत नळ्यांचा. मक्याचा किंवा तांदळाचा भरडा उष्णता आणि दाबाखाली यंत्राच्या तोंडातून ढकलला की तो बाहेर येताच फुगतो. मग त्यावर तेल आणि चवीची पूड फवारतात. तोंडात विरघळतो म्हणून लहान मूल थांबत नाही. तिसरा नंबर दुधात घालायच्या गोड पावडरींचा. अशी पेये ‘हेल्थ ड्रिंक’ या सदरात विकू नका, असे अन्न सुरक्षा प्राधिकरणाने एप्रिल २०२४ मध्ये ऑनलाइन विक्रेत्यांना बजावले. तुम्हीही गिऱ्हाइकाला तो शब्द वापरून देऊ नका. बिस्किटे, नूडल्स, सॉस नंतर पाहू. बेकरीची खारी आणि टोस्ट स्थानिक असले तरी मैदा आणि वनस्पती तुपाचेच असतात, त्यांना इथलेच म्हणून सूट देऊ नका.

तुमची बाजूही आम्हाला माहीत आहे. पुड्याला सोंडे लागत नाहीत, तोलायला माणूस लागत नाही, कंपनीची गाडी दारात येते, मुदत संपलेला माल काही वेळा परत जातो आणि माळ लावल्याबद्दल योजना मिळते. सुट्या मालात मात्र तूट, कीड आणि खवटपणा तिन्ही तुमच्या माथी. तेव्हा सुटा माल टिकवायचा कसा, हे नीट सांगितल्याशिवाय आमच्या मागण्याला अर्थ नाही.

धान्य खराब होते ते मुख्यतः ओलाव्याने. ज्वारीत, गव्हात ओलावा १२ टक्क्यांच्या आत हवा. दाणा दाताखाली धरून चावा: कट्‌ आवाज करून तुटला तर कोरडा, दबून चपटा झाला तर अजून ऊन हवे. आपल्याकडे रब्बी ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते आणि लगोलग कडक ऊन पडते, ही सोय फुकटची आहे. पातळ थर देऊन पाच-सहा तास वाळवा, पण गरम माल पोत्यात भरू नका. आतली वाफ थंड होऊन दाण्यावर पाणी धरते आणि बुरशी तिथूनच सुरू होते. रात्रभर निवू द्या, सकाळी भरा. डाळी उन्हात चालतात. तांदूळ कडक उन्हात टाकलात तर दाणा तडकतो आणि कणी वाढते. शेंगदाणे उन्हात टाकलेत तर खवट होतात. या दोघांना सावलीतली हवा द्या.

पोती थेट फरशीवर नकोत. खाली लाकडी फळ्या घालून वीतभर उंची द्या आणि भिंतीपासून हातभर अंतर ठेवा, म्हणजे मागे झाडू फिरतो आणि भिंतीची ओल पोत्याला लागत नाही. नवे पोते जुन्याच्या वर रिकामे करू नका. तळाला राहिलेले जुने दाणेच किडीचे घर असते. डबा पूर्ण रिकामा करा, कोरड्या फडक्याने कोपरे पुसा, मग भरा. रवा, मैदा, बेसन पंधरा दिवसांत खपेल एवढेच मागवा, कारण त्यात जाळी धरली की चाळून काही उपयोग नाही. अंडी आणि विष्ठा पिठातच राहतात. आणि कळकळीची विनंती, तांदळाला किंवा डाळीला बोरिक पावडर चोळू नका, पाऱ्याच्या गोळ्या पोत्यात टाकू नका. बोरिक पावडरीला अन्नात परवानगी नाही. धुरीच्या विषारी गोळ्या दुकानात वापरणे तर जिवावर बेतते, विशेषतः वर किंवा मागे घर असेल तेव्हा. ते काम परवानाधारक माणसाचे आहे.

शेंगदाण्यांकडे सर्वांत जास्त लक्ष द्या, कारण सोलापूरच्या खाण्याचा कणाच तो आहे. आक्रसलेले, काळपट, हिरवट बुरशी असलेले दाणे निवडून फेका. त्या बुरशीतले अफ्लाटॉक्सिन यकृताला घातक असते आणि भाजल्याने पूर्ण जात नाही. असे दाणे चटणीत खपवणे हा गुन्हाच समजा. भाजायचे तर जाड कढईत मंद आचेवर, साल सुटेपर्यंत आणि आतला दाणा फिकट बदामी होईपर्यंत. आच मोठी केलीत तर साल करपते आणि आत कच्चे राहते. पूर्ण थंड झाल्यावरच बरणी बंद करा. पारदर्शक पिशवीत भरून बाहेर उन्हात टांगलेला चिवडा किंवा दाणे आठवड्यात खवट होऊ शकतात, कारण उजेड आणि उष्णता दोन्ही तेलाला बिघडवतात. चिप्सच्या पुड्यात म्हणूनच चकचकीत पडदा आणि नायट्रोजन असतो. तुमच्याकडे तो नाही, म्हणून पत्र्याचा डबा, सावली आणि थोडा थोडा माल.

पुढच्या फळीवर मग काय? फुटाणे, भाजके शेंगदाणे, चुरमुरे, लाह्या, खारीक, गूळ, राजगिऱ्याच्या वड्या. मुलाने दहा रुपये पुढे केले की ४० ग्रॅम फुटाणे आणि १५ ग्रॅमचा गुळाचा खडा द्या. गूळ म्हणजेही साखरच, त्यामुळे खडा याहून मोठा नको. पांढऱ्या-पिवळ्या झळझळीत गुळापेक्षा तपकिरी गूळ मागवा. हिशेब मांडून पाहा: दहा रुपयांच्या पुडीत २२ ग्रॅम माल असेल तर किलोचा भाव सुमारे ४५५ रुपये पडतो. बहुतेक पुड्यांवर आता प्रति ग्रॅम किंमत छापलेली असते. तिला हजाराने गुणून गिऱ्हाइकाला दाखवा आणि शेजारी फुटाण्याचा भाव सांगा. हिशेब कळला की बायाच मुलांना आवरतात.

फुटाण्याच्या पुड्या आधीच भरून ठेवायच्या असतील तर त्या पॅकबंद वस्तू ठरतात. त्यांवर नाव, निव्वळ वजन, भरल्याची तारीख, किंमत, पत्ता आणि अन्न परवान्याचा चौदा अंकी क्रमांक लागतो. वैधमापनशास्त्र विभागाकडे पॅकर म्हणून नोंदही करावी लागते. ही यातायात नको असेल तर समोर तोलून खाकी कागदात द्या. वर्तमानपत्रात देऊ नका, शाईतली रसायने तेलकट पदार्थाला लागतात.

‘काहीतरी झटपट द्या’ असे म्हणत दमून आलेल्या बाईला नूडल्सखेरीज सांगण्यासारखे काही तुमच्यापाशी हवे. चौघांसाठी ३०० ग्रॅम जाड पोहे, ५० ग्रॅम शेंगदाणे, मोहरी-जिरे आणि दोन कांदे अशी पाटी गल्ल्यासमोर लावा आणि सामान तिथल्या तिथे तोलून द्या. पंधरा मिनिटांचे काम आहे. त्याहूनही झटपट हवे असेल तर आपल्याकडे कडक भाकरी आणि शेंगाचटणी आहे. कडक भाकरीतले पाणी जवळजवळ निघून गेलेले असते, म्हणून ती परिरक्षकाशिवाय टिकते. पावसाळ्यात सादळते एवढेच, तेव्हा डबा घट्ट हवा. चटणी उखळात कुटली की दाण्याचे तेल सुटते आणि वेगळे तेल घालावे लागत नाही. विकत घेताना यादीत शेंगदाणे, तिखट, लसूण, जिरे, मीठ एवढेच आहे ना, हे पाहून मगच फळीवर ठेवा. ज्वारीही तशीच. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू असतात, मैद्यात ३ ग्रॅमच्या आत. ज्वारी अख्खी विका आणि जवळच्या गिरणीचा पत्ता द्या. दळून ठेवलेल्या जुन्या पिठाची भाकरी थापताना चिरते, चवीला कडवट लागते आणि मग गिऱ्हाईक ज्वारीलाच नावे ठेवते.

शाळेजवळ दुकान असणाऱ्यांसाठी वेगळे दोन शब्द. शाळेत मुलांना मिळणाऱ्या अन्नाबाबतच्या २०२० च्या नियमांनुसार जास्त स्निग्ध, जास्त साखर आणि जास्त मीठ असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरपर्यंत मुलांना विकायचे नाहीत. टेप घेऊन अंतर मोजा. तुम्ही त्याच्या आत असाल तर मधल्या सुट्टीच्या वेळेला माळा उतरवणे हा आता उपकाराचा प्रश्न राहिलेला नाही.

सुरुवात गल्ल्यासमोरच्या एकाच माळेने करा. ती मागे न्या, तिथे फुटाणे आणि दाण्यांच्या दोन बरण्या ठेवा आणि महिनाभर वहीत तीन रकाने लिहा: किती ग्रॅम खपले, किती खराब झाले, नफा किती राहिला. दुसऱ्या बाजूला त्या माळेचा मागच्या महिन्याचा हिशेब मांडा. तोटा दिसला तर वही घेऊन आमच्याकडे या. खरेदीचे प्रमाण, साठवणीची जागा, पुडीचे वजन यांपैकी नेमके काय चुकते आहे ते आपण आकड्यांवरून बसून पाहू.

आपले,
आहारशास्त्र आणि अन्नसाठवणूक शिकवणारे आम्ही काही जण, सोलापूर